चाकांवरची भट्टी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या रस्त्याने जाऊ लागले, की पेट्रोलपंपाच्या आवारात, चर्चच्या मैदानात किंवा शेतमालाच्या बाजाराच्या कडेला एक देखावा पुष्कळदा दृष्टीस पडतो. दोन चाकांच्या ट्रेलरवर आडवी बसवलेली लोखंडी टाकी, तिच्या धुराड्यातून निघणारा विरळ धूर, शेजारी चार पायांचा घडीचा मांडव, त्याखाली दोन टेबले आणि हाताने लिहिलेला दरफलक. हे बार्बेक्यूचे दुकान. उपाहारगृहाच्या धंद्यात शिरण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग, अशी तेथे समजूत आहे; आणि केवळ सुरुवातीच्या भांडवलाचा विचार केला तर ती खोटीही नाही. तथापि अशी दुकाने बसतात तेव्हा त्याचे कारण बहुधा ट्रेलरात किंवा मांडवात सापडत नाही. ते मांसाच्या घटणाऱ्या वजनात आणि तापमापकाच्या काट्यात शोधावे लागते.

प्रथम शब्दाचा उलगडा करावयास हवा. आपल्याकडील हॉटेलांतून बार्बेक्यू म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले मांस किंवा पनीर, असा अर्थ रूढ झाला आहे. दिल्ली किंवा लखनौचा सीग कबाब प्रखर निखाऱ्यावर काही मिनिटांत तयार होतो. अमेरिकेच्या दक्षिणेत या शब्दाचा अर्थ जवळजवळ याच्या उलट आहे. कॅरिबियन बेटांतील ताइनो लोक ज्या लाकडी मचाणाला 'बार्बाकोआ' म्हणत, त्या शब्दापासून स्पॅनिश भाषेच्या द्वारे हा शब्द आला. आणि विस्तवापासून दूर, मंद आचेवर, धुरात मांस शिजवणे ही कल्पना त्यात आजही टिकून आहे. भट्टीचे तपमान 110 ते 120 अंश सेल्सियस आणि वेळ दहा-बारा तास, कधी त्याहूनही अधिक. लाकूड प्रदेशाप्रमाणे बदलते. मध्य टेक्ससमध्ये ओक, पश्चिम टेक्ससमध्ये मेस्कीट, तर पूर्वेकडच्या दक्षिणी राज्यांत हिकरी.

एवढा वेळ लागतो, कारण या पाककृतीचा जन्म चिवट मांसापोटी झाला. कॅरोलायना राज्यांत डुकराच्या खांद्याचे मांस, टेक्ससमध्ये ब्रिस्केट, म्हणजे गोमांसाचा छातीकडचा भाग. हे स्नायू जनावराने आयुष्यभर राबवलेले असल्याने त्यांत कोलॅजेन नावाचे तंतुमय द्रव्य भरपूर असते. मंद उष्णतेत ते हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन बनते आणि मांस मऊ पडते. मांसाच्या आतले तपमान साधारण 65 ते 70 अंशांवर आले, की ते तेथेच कित्येक तास अडून बसते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच कारण येथेही आहे: पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन आत शिरणारी उष्णता खाऊन टाकते. नवशिका या टप्प्यावर घाबरतो, जाळ वाढवतो आणि मांस वरून करपवून आतून कोरडे करतो. जाणता मनुष्य एक तर वाट पाहतो, नाही तर तुकडा जाड कागदात गुंडाळून बाष्पीभवन रोखतो. ब्रिस्केट आतून 95 अंशांच्या आसपास पोहोचले म्हणजे ते उतरवता येते.

रस्त्याकडेची ही विक्री नवी नाही. कॅन्सस सिटीमध्ये हेन्री पेरी नावाच्या कृष्णवर्णी स्वयंपाक्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका गल्लीतल्या टपरीवर असे मांस विकण्यास आरंभ केला; गिऱ्हाइकाला तो ते वर्तमानपत्राच्या कागदात देई. 1940 साली तो वारला, पण त्याचा धंदा चार्ली ब्रायंट आणि मग त्याचा भाऊ आर्थर ब्रायंट यांच्याकडे जाऊन त्या शहराचे भूषण ठरला. अलीकडचे उदाहरण टेक्ससमधील ऑस्टिन शहराचे. ॲरन फ्रँकलिन याने 2009 साली तेथे एका ट्रेलरमधून विक्री सुरू केली, 2011 मध्ये दुकान पक्क्या इमारतीत नेले, आणि 2015 साली त्याला जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. आज ट्रेलर विकत घेणाऱ्या पुष्कळांच्या मनात हेच चित्र असते. परंतु ट्रेलर घेण्यापूर्वी फ्रँकलिन आपल्या घराच्या परसात मित्रमंडळींसाठी मांस शिजवून हात बसवत होता, हा भाग मात्र सोयीस्करपणे विसरला जातो.

भट्टी पुष्कळदा जुन्या प्रोपेन वायूच्या टाकीपासून बनवतात. 500 गॅलनची, म्हणजे सुमारे 1,900 लिटरची टाकी या कामी चांगली पडते. ती कापण्यापूर्वी आतील वायूचा अंश न् अंश काढून टाकणे हा प्राणाशी संबंध असलेला प्रश्न आहे. हे काम माहितगार लोहाराकडूनच करवून घ्यावे. ट्रेलरवर ती बसवताना मोटारीला जोडण्याच्या दांडीवर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार यावा असा दंडक आहे. जाळाची जड पेटी मागच्या टोकाला आली आणि पुढचा भार कमी पडला, तर वेगात ट्रेलर हेलकावे खाऊ लागतो. मांडव दहा फूट लांब आणि तितकाच रुंद असतो. वाऱ्याच्या एका झोताने तो उडून भट्टीवर जाऊ नये म्हणून त्याच्या प्रत्येक पायाला 11 ते 18 किलो वजन बांधतात. भट्टी स्वतः मांडवाबाहेरच हवी. आगीचा धोका तर उघडच आहे. शिवाय कडेच्या कनाती सोडून बंद केलेल्या मांडवात कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो.

परवान्यांचे नियम राज्याराज्यांत, किंबहुना एका काउंटीहून दुसऱ्या काउंटीत (ही आपल्या जिल्ह्यासारखी व्यवस्था) वेगळे आहेत. सर्वसाधारणपणे आरोग्य खात्याचा परवाना, अग्निशामक अधिकाऱ्याची तपासणी आणि विमा यांवाचून चालत नाही. घरच्या स्वयंपाकघरात मांस कापून आणण्यास बहुतेक ठिकाणी बंदी असते; त्यासाठी परवाना असलेले स्वयंपाकघर भाड्याने घ्यावे लागते. हात धुण्याची सोय तपासनीस प्रथम पाहतो. मांडवात तोटी लावलेले कोमट पाण्याचे पिंप, साबण, कागदी रुमाल आणि सांडपाण्याची बादली एवढ्याने ती भागते, पण ती नसेल तर दुकान तेथेच बंद.

आता वजनाकडे वळू. हिशेबाच्या सोयीसाठी कच्च्या ब्रिस्केटचा भाव किलोला 10 डॉलर धरू. सहा किलोच्या तुकड्याला 60 डॉलर पडले. त्यावरची जादा चरबी काढताना सव्वा किलो जाते. उरलेल्या पावणेपाच किलोंतून रात्रभरात पाणी आणि वितळलेली चरबी निघून जाते, आणि सकाळी पाटावर जेमतेम तीन किलो मांस येते. म्हणजे भाव दुप्पट, किलोला 20 डॉलर. दीडशे ग्रॅमच्या थाळीत मांसच 3 डॉलरचे असते. नवशिक्याने मात्र कच्च्या भावावरून ते दीड डॉलरचे मानलेले असते, आणि त्याची चौपट म्हणजे 6 डॉलर दर फळ्यावर लिहून तो स्वतःला चतुर समजत असतो.

अशा दहा तुकड्यांची भट्टी लावली तर मांसाला 600 डॉलर लागतात आणि 200 थाळ्या होतात. सगळ्या खपल्या तर 1,200 डॉलर येतील. पावसाने पन्नास थाळ्या पडून राहिल्या तर येतील 900. मांसाचा खर्च वजा जाता हाती राहिले 300. त्यांतून पाव, सॉस, कागद, लाकूड, पेट्रोल, जागेचे भाडे आणि दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी. त्यांतली एक रात्र तर दर अर्ध्या-पाऊण तासाला ओंडका घालण्यात गेलेली. पाव तासात भाजून देणाऱ्या कबाबवाल्याला गिऱ्हाईक पाहून सीग लावता येते. बार्बेक्यूवाल्याला उद्याच्या गर्दीचा अंदाज आज सायंकाळी करावा लागतो. यास्तव अनुभवी विक्रेते मुद्दाम थोडे कमी शिजवतात, आणि दुपारी एकलाच 'संपले' अशी पाटी लावण्यास त्यांना संकोच वाटत नाही. प्रारंभी ब्रिस्केटऐवजी डुकराच्या खांद्याचे मांस घ्यावे हा सल्लाही योग्यच. तेही निम्म्याच्या आसपास घटते, परंतु स्वस्त असते आणि जाळातल्या चुका पुष्कळशा पोटात घालते.

तरीही कधी मांस उरतेच, आणि खरा धोका येथे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आदर्श नियमावलीप्रमाणे विक्रीचे गरम अन्न 57 अंशांच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली असले पाहिजे. 'क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिन्जेन्स' या जंतूची बीजुके शिजवण्यात मरत नाहीत. मांसाचा मोठा तुकडा सावकाश निवू लागला, की त्यांतून जंतू निपजून झपाट्याने वाढतात. वरून गार लागणारा तुकडा आत कित्येक तास कोमट असतो. म्हणून 57 अंशांवरून 21 अंशांवर दोन तासांत, आणि तेथून 5 अंशांवर एकूण सहा तासांच्या आत मांस आणावे असा नियम आहे. त्यासाठी ते कापून किंवा सोडवून, उथळ थाळ्यांत पातळ पसरून शीतकपाटात ठेवतात. पुन्हा विकण्यापूर्वी ते 74 अंशांपर्यंत तापवावे लागते, तेही भट्टीत मंदपणे न ठेवता दोन तासांच्या आत. मांडवातल्या बर्फाच्या पेटीत एवढे साधत नाही. पुष्कळ ठिकाणी तर तात्पुरत्या परवान्यावरील विक्रेत्याला दिवसअखेर उरलेले गरम मांस टाकूनच द्यावे लागते, आणि त्याची किंमत सकाळच्याच हिशेबात धरून ठेवावी लागते.