गुणवत्तेची यादी केली कोणी?

सर्वश्रेष्ठ गिटारवादक कोण, हा अमेरिकेतला जुना वाद. 'रोलिंग स्टोन' मासिकाने २००३ साली शंभर जणांची यादी छापली. पहिला क्रमांक कृष्णवर्णीय जिमी हेंड्रिक्स यांना दिला. पण शंभरांत स्त्रिया फक्त दोन! सिस्टर रोझेटा थार्प त्यात नव्हत्याच. आर्कान्सात १९१५ साली जन्मलेल्या या कृष्णवर्णीय स्त्रीने चर्चच्या भक्तिगीतांना इलेक्ट्रिक गिटारची जोड देऊन रॉक संगीताची वाट मोकळी केली. १९७३ साली त्या वारल्या. त्याच मासिकाने २०२३ साली त्यांना सहावा क्रमांक दिला. ध्वनिमुद्रिका त्याच होत्या. बदलली ती परीक्षकांची नजर. म्हणून 'गुणवत्ता' म्हणत आपल्याला हिणवणाऱ्यांना प्रथम विचारा, परीक्षक कोण होते?