गरवायला जाणाऱ्यांनो, किनारा साफ करायला या!

सप्टेंबरचा तिसरा शनिवार हा आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर याची सुरुवात झाली. रत्नागिरीत भाट्ये, मांडवीसाठी ही वेळ उत्तम, कारण पावसाळ्यात समुद्राने फेकलेला कचरा भरतीरेषेवर साचलेला असतो.

खडपात अडकलेलं तंगूस कुठे सापडेल हे गरवणाऱ्यांइतकं कुणाला कळणार? नायलॉन कुजत नाही, पक्ष्यांचे पाय त्यात गुंततात. गऱ्या असतात, म्हणून जाड हातमोजे हवेतच.

ओहोटी पाहून वेळ ठरवा. घंटागाडीसाठी नगरपरिषदेला आधीच कळवा, नाहीतर भरलेली पोती पुढच्या भरतीला पुन्हा पाण्यात! मर्यादवेल उपटू नका, ती वाळू धरून ठेवते. नोव्हेंबरनंतर जेसीबी तर नकोच: ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात.