वहीपासून पुस्तकापर्यंत



नवागाम-डिंडोलीच्या वस्तीत घरोघरी जी मराठी ऐकू येते, तिचा बराचसा भाग उधना–जळगाव लोहमार्गाने येथे आला. नंदुरबार, अमळनेर, धरणगाव या बाजूंची माणसे सुरतेच्या यंत्रमागांवर कामाला आली. येताना त्यांनी आपली अहिराणीही आणली. अशा घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी वहीत कथा-कविता लिहू लागली, की एक अडचण लवकरच उभी राहते. शहर गुजराती, प्रकाशक मुंबई-पुण्याला, ओळख कोणाचीच नाही. मग हे छापणार कोण?

या प्रश्नाचा विचार करताना मला बाबुराव बागुलांची आठवण होते. याचे कारण असे की त्यांच्या लेखनाचा एक धागा सुरतेतून गेलेला आहे. 1930 साली नाशिकजवळच्या विहितगाव येथे त्यांचा जन्म झाला. लहानपणीच ते मुंबईस माटुंग्याच्या लेबर कॅम्पात आले. कामगार चळवळ आणि डॉ. आंबेडकरांचा विचार या दोहोंचे संस्कार त्यांच्यावर तेथेच झाले. शालेय शिक्षणानंतर त्यांनी पडेल ते काम केले. त्यांपैकी एक होते सुरतेतील रेल्वेचे. नोकरी मिळाली, परंतु राहावयास खोली मिळेना. जात सांगितली की दार बंद होई. अखेर त्यांनी जात लपवली. मात्र ते लपवणे त्यांना फार काळ सोसले नाही आणि त्यांनी ती नोकरी सोडली.

1963 साली त्यांचा पहिला कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती!’. सुरतेत जी गोष्ट शेजाऱ्यापासून लपवावी लागली, तीच त्यांनी मुखपृष्ठावर, आपल्या नावानिशी छापविली. मराठी कथेला या पुस्तकाने दिलेला धक्का सर्वश्रुत आहे. 2018 साली जेरी पिंटो यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. आपल्याला येथे पाहावयाचे आहे ते निराळेच: सुरतेची ती खोली आणि ते मुखपृष्ठ यांच्या दरम्यान काय घडले?

दरम्यान होती नियतकालिके. बागुलांच्या कथा आधी मासिकांतून आल्या, वाचकांच्या नजरेत भरल्या, आणि मग संग्रह निघाला. मराठीत बहुतेक लेखकांचा क्रम हाच राहिला आहे. प्रकाशक अनोळखी वहीवर सहसा पैसा लावत नाही. चार संपादकांनी निवडलेल्या लेखकाचा विचार मात्र तो करतो. पोटासाठी बागुल 1968 पर्यंत मिळेल ते श्रमाचे काम करीतच होते, हेही ध्यानात ठेवावे. पुस्तक निघाले म्हणून चूल पेटत नाही.

संपादकाकडून साहित्य परत येणे हा अपमान नव्हे, असे आपण नवोदितांना सांगतो. पण ज्याचे परत येते त्याला तो अपमानच वाटतो, आणि त्यात त्याचे फारसे चुकत नाही. तरीही परत येण्याचे प्रकार असतात. ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना बदल सुचविणारी पत्रे लिहीत. 1982 साली ते मासिक बंद पडले, तरी त्या पत्रव्यवहाराची आठवण अजून निघते. ज्यांना अशा प्रस्थापित मासिकांचे दार आपले वाटले नाही, त्यांनी 1960 च्या दशकात स्वतःची अनियतकालिके काढली. औरंगाबादेहून गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखकांच्या एका पिढीला जागा दिली.

आपल्या खानदेशातच या वाटेची दोन टोके सापडतात. यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही पहिलीच कादंबरी त्याच 1963 साली, पंचविशीत प्रसिद्ध झाली. दुसरीकडे बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता येत नव्हते. ओव्या ओठांवर येत, आणि सोपानदेव व घरातील मंडळी त्या टिपून ठेवीत. डिसेंबर 1951 मध्ये त्या गेल्या. 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. टिपणारे कोणी नसते, तर ते पुस्तकही नसते.

सुरतकरांना कवी नर्मद सांगावयास नको. 1858 साली शिक्षकाची नोकरी सोडून त्याने केवळ लेखणीवर जगण्याचा निश्चय केला. 1882 साली त्याला पुन्हा नोकरी धरावी लागली. म्हणून व्यवहाराचे थोडे बोलतो. मजकुराची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. एकच कथा एकाच वेळी दोन संपादकांकडे पाठवू नये. प्रकाशकाशी लेखी करार करावा. आवृत्ती किती प्रतींची, मानधन छापील किमतीवर किती टक्के आणि केव्हा मिळणार, हे त्यात स्पष्ट असावे. 1957 च्या कायद्याने स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. तो घाईने कायमचा लिहून देऊ नये. कोणी पुस्तकासाठी आपल्याकडूनच रक्कम मागितली, तर कागद, छपाई आणि बांधणी यांचा हिशेब आधी मागावा आणि उरलेल्या प्रती कोणाच्या, हेही विचारावे. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिचे नियम त्या-त्या वर्षी पाहून घ्यावेत.

शेवटी मुद्रिते येतात. येथे आपल्या मुलांनी विशेष जागरूक राहावे. मुद्रितशोधक पुण्याचा असेल, तर अहिराणी शब्द त्याला चूक वाटेल आणि तो सद्भावनेनेच ‘शुद्ध’ करील. अशा प्रत्येक शब्दासमोर समासात स्वच्छ अक्षरात लिहावे: ‘आहे तसेच ठेवावे.’