अकोल्याचं विद्यापीठ आणि आपला उंबरठा

मैत्रिणींनो, मृग आठ दिवसांवर आला की आपल्या वऱ्हाडात घरोघरी एकच विषय असतो, बियाण्याचा. पुरुषमाणसं पारावर बसून पावसाचे अंदाज बांधतात. पण गेल्या हंगामाचं बियाणं निवडून, वाळवून, उंदरा-घुशींपासून जपून ठेवलेलं असतं ते घरातल्या बाईनं. नाही का?

दर्यापूरकडे माझी मावशी राहते. काका गेल्यापासून सहा एकरांचा व्याप तीच बघते. एका वर्षी घरचं सोयाबीन तिनं मोठ्या विश्वासानं पेरलं, आणि ते उगवलंच नाही. दुबार पेरणीसाठी हातातल्या पाटल्या मोडाव्या लागल्या. पुढल्या वर्षी गावात दोन मुली आल्या. शेतकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होत्या. लोक त्यांना ‘कृषिकन्या’ म्हणत. मावशीनं त्यांना ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि वर ऐकवलंही, “पोट्टीहो, तुमी काय शिकवान मले? मी चाळीस वर्सापासून पेरून राह्यलो!”

मुली हसल्या. त्यांनी एक गोणपाट मागून घेतलं, पाण्यात भिजवून पिळलं, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडले. वरून दुसरं ओलं गोणपाट घातलं, गुंडाळी करून सावलीत ठेवली आणि रोज पाणी शिंपडायला सांगितलं. सहाव्या दिवशी गुंडाळी उघडली. शंभरातले चौपन्न उगवले होते.

मावशी बराच वेळ त्या दाण्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आता समजलं, मागच्या साली माह्या पाटल्या कुठी गेल्या ते.”

त्या वर्षी तिनं घरचं बियाणं पेरलं नाही. दुसरं आणलं, तेही आधी गोणपाटात तपासून. पेरणी साधली.

हे सगळं ऐकल्यावर माझ्या मनात प्रश्न आला, या मुलींना आपल्या दारी पाठवलं कोणी? उत्तर अकोल्यात आहे, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. गाडीतून जाता-येता आपण ‘पंजाबराव विद्यापीठ’ म्हणतो खरं, पण ते नेमकं काय करतं, हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक असतं? पुष्कळ जणींचा अमरावतीच्या विद्यापीठाशी घोळही होतो. ते संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. ते १ मे १९८३ ला निघालं आणि कला, वाणिज्य, विज्ञानाची आपली कॉलेजं त्याच्याकडे असतात. अकोल्याचं विद्यापीठ शेतीचं.

चार बहिणी, चार घरं

सुरुवातीला, १९६८ मध्ये, साऱ्या महाराष्ट्राला मिळून एकच कृषी विद्यापीठ निघालं. पण एवढ्या मोठ्या राज्याचा संसार एका चुलीवर कसा व्हायचा? कोकणात दापोलीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर आपल्या अकोल्यात आठशेच्या आतबाहेर. तिकडे लाल माती नि भात, इकडे काळी कसदार जमीन नि कपाशी. शिवाय आपल्याकडे पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आहे. तिथं विहिरीचं पाणीच खारट. पिकाला द्यावं तर जमीन बिघडते. तिथल्या बाईचं दुखणं दापोलीला बसून कसं कळायचं?

विदर्भाला स्वतःचं कृषी विद्यापीठ हवं म्हणून १९६७ मध्ये अकोल्यात मोठं आंदोलन झालं, त्यात जीवही गेले. शेवटी २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्याचं विद्यापीठ उभं राहिलं आणि विदर्भाचे जिल्हे त्याच्याकडे आले. पश्चिम महाराष्ट्रासाठी राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ झालं. १९७२ मध्ये मराठवाड्यासाठी परभणी आणि कोकणासाठी दापोली ही विद्यापीठं निघाली. चार बहिणी चार घरी दिल्या म्हणा ना!

घरं चार, पण माहेर एक. चारही विद्यापीठांना १९८३ चा एकच कायदा लागू आहे. चौघींचे कुलपती राज्यपाल, प्रतिकुलपती कृषिमंत्री. रोजचा कारभार कुलगुरू बघतात, आणि कार्यकारी परिषदेत शेतकऱ्यांचेही प्रतिनिधी असतात. चौघींचा मेळ घालायला पुण्यात महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद आहे. दरवर्षी चारही विद्यापीठांचे शास्त्रज्ञ एकत्र बसतात, नवीन वाण आणि शिफारशी तावून-सुलाखून घेतात. तिथं मान्यता मिळाली की मगच ते शेतकऱ्याला सांगायचं.

जनावरांचं खातं मात्र २००० साली वेगळं झालं. त्यासाठी नागपूरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे.

भाऊसाहेबांचं नाव कशासाठी?

पंजाबराव देशमुख म्हणजे आपले भाऊसाहेब. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ मध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मले, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन बहुजनांच्या मुलांसाठी वसतिगृह नि शाळा काढत राहिले. अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यांचीच. १९५२ पासून दहा वर्षं ते केंद्रात कृषिमंत्री होते. १९६५ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाचं विद्यापीठ त्यांना पाहायला मिळालं नाही. त्यांच्या पत्नी विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य होत्या, हेही आपण बायांनी लक्षात ठेवायला हवं.

कामं तीन: शिकवा, शोधा, सांगा

या विद्यापीठांची कल्पना मुळात अमेरिकेतली. तिथं १८६२ मध्ये कायदा करून कॉलेजांना सरकारी जमिनी दिल्या, त्या शेती आणि कारागिरी शिकवण्यासाठी. आपल्याकडे १९६० मध्ये पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ निघालं. साध्या विद्यापीठाहून याचं वेगळेपण असं, की नुसतं शिकवून आणि परीक्षा घेऊन याचं काम संपत नाही. तीन कामं एकमेकांत गुंफलेली असतात: शिक्षण, संशोधन आणि विस्तार. म्हणजे वर्गात शिकवायचं, शेतावर शोधायचं आणि सापडलेलं गावात नेऊन सांगायचं. शिवारातलं दुखणं पुन्हा शास्त्रज्ञाकडे पोचवायचं, हेही त्यातच आलं.

संशोधन म्हटलं की आपल्याला काचेच्या नळ्या आठवतात. पण छोल्यांसाठी आपण टपोरा काबुली हरभरा घेतो ना? ‘पीकेव्ही काबुली-२’ हा वाण अकोल्याचा. सोयाबीनच्या काही वाणांच्या नावात ‘एएमएस’ ही अक्षरं दिसतात. ते वाण अमरावतीच्या संशोधन केंद्रावरचे. आणि आपल्या कामाची खरी वस्तू म्हणजे ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’. जात्यावर तूर भरडली की निम्मी चुरी-चुनी होते आणि खांदे भरून येतात, ते वेगळंच. या छोट्या यंत्रानं गावातल्या गावात डाळ करता येते. तूर यंत्रात खरवडायची, तेल लावून मुरवायची, उन्हात घालायची, मग पाण्याचा हात देऊन पुन्हा वाळवायची आणि फोडायची. कृती आपलीच, आजीची. कष्ट तेवढे यंत्राचे. कितीतरी बचत गटांनी हा धंदा केला आहे. तूर विकून डाळ विकत आणण्यापेक्षा डाळच विकलेली काय वाईट?

हे तुम्हीही करा

उगवण चाचणी वर सांगितलीच आहे. पाच ते सात दिवसांनी निरोगी कोंब तेवढे मोजा. शंभरात सत्तर किंवा जास्त उगवले तर सोयाबीनचं बियाणं एकरी नेहमीप्रमाणे ३० किलो घ्या. सत्तरच्या खाली गेलं तर त्या मानानं बियाणं वाढवा, आणि साठच्याही खाली गेलं तर ते पेरूच नका. सोयाबीनचं साल फार नाजूक असतं, म्हणून पोती आपटू नका आणि चार-पाचांपेक्षा जास्त थप्पी लावू नका.

फवारणीसाठी निंबोळी अर्क घरी होतो. पाच किलो वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा आणि एकूण शंभर लिटर पाणी करा. निंबोळ्या वेचायचं काम उन्हाळ्याच्या शेवटी करून ठेवा म्हणजे झालं.

घरात लेक असेल तर

बारावी विज्ञान झालेल्या मुलीला कृषी पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम खुला आहे. प्रवेश परीक्षा साऱ्या राज्याला एकच, त्यामुळे अकोल्याच्या मुलीला दापोलीत आणि परभणीच्या मुलीला अकोल्यात जागा मिळू शकते. “पोरीच्या जातीनं शेतकी शिकून काय करायचं?” असं कोणी म्हटलं तर विचारा, निंदण, वेचणी, बियाणं, सारं बाईच करते ना? मग शिकायची वेळ आली की ती परकी कशी?

एक खंतही बोलून दाखवते. गावात शेतीची बैठक असली की निरोप सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला जातो, आणि ते नाव बहुधा बाईचं नसतं. मावशीच्या नावावर शेत चढायला काकांनंतर तीन वर्षं गेली. तोवर तिला कुठलं बोलावणं नव्हतं, कुठली योजना नव्हती. आपल्या अमरावती विभागात कर्त्या पुरुषानं जीव दिलेली किती घरं आहेत, ते तुम्हाला मी सांगायला नको. तिथं शेत बाईच ओढते. म्हणून बाई गं, पहिलं काम वारसाची नोंद. तलाठ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या, पाठपुरावा करा.

आणि बोलावण्याची वाटही बघू नका. विद्यापीठाची शिवारफेरी असते. तेव्हा प्रयोगाची पिकं शेतात उभी दिसतात आणि शास्त्रज्ञ समोर असतात. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही प्रश्न विचारता येतात. चार जणी मिळून जा, भाकरी बांधून न्या.

मावशी गेल्या वेळी गेली होती. आल्यावर मी विचारलं, “काय पाहिलंस?” तर म्हणाली, “पाह्यलं लय. पन बाई, त्या सायबानं मले ‘तुमचं शेत कसं हाय?’ म्हनून इचारलं. घरवाल्याचं नाई, माहं!”