किल्ली आपल्याच खिशात

दूरच्या संगणकाला आपली ओळख पटवून देण्याचा रूढ मार्ग म्हणजे परवलीचा शब्द. परंतु या मार्गात मुळातच एक उणीव आहे. ओळख पटविण्यासाठी आपले गुपित दर वेळी समोरच्याच्या हवाली करावे लागते. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या संगणकजाळ्यावर कोणीतरी असे जाता-येता शब्द टिपून घेतले. त्यावर उपाय म्हणून तेथीलच ताटू युलोनेन यांनी त्याच वर्षी ‘एसएसएच’ ही पद्धत निर्माण केली.

आज अनेकांनी मिळून लिहिलेले प्रोग्रॅम ‘गिटहब’सारख्या दूरस्थ भांडारात ठेवले जातात. तेथे १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी खात्याचा परवलीचा शब्द चालत नाही. त्याऐवजी जे मार्ग आहेत, त्यांतला एक एसएसएच किल्लीचा.

बँकेत आपल्या सहीचा नमुना असतो. त्याच्याशी ताडून चेकवरील सही खरी की खोटी हे ठरते. येथेही तसेच आहे. ‘एसएसएच-कीजेन’ ही आज्ञा दिली की किल्ल्यांची जोडी तयार होते. ‘पब’ हे शेपूट असलेल्या फाइलमधील जाहीर किल्ली म्हणजे नमुना. ती गिटहबच्या आपल्या खात्यात नोंदवावयाची. दुसरी, गुप्त किल्ली, आपल्याच संगणकावर राहते. प्रत्येक भेटीत नव्याने ठरणाऱ्या मजकुरावर ती सही करते आणि पलीकडचा संगणक जाहीर किल्लीने ती सही तपासतो. कालची सही आज उपयोगी पडत नाही. बँकेतील नमुना पाहून कोणी सही गिरवू शकेल. जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली काढणे मात्र आजच्या संगणकांना व्यवहारात जमत नाही. अशा दोन किल्ल्यांची कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली होती.

परंतु ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते. पहिल्या भेटीत पलीकडच्या संगणकाच्या किल्लीचा ‘ठसा’ पडद्यावर उमटतो. तो गिटहबने प्रसिद्ध केलेल्या ठशाशी ताडून मगच ‘येस’ लिहावे. पुष्कळजण न वाचताच होकार देतात. मार्च २०२३ मध्ये खुद्द गिटहबचीच एक गुप्त किल्ली चुकून थोडा वेळ उघड्या भांडारात राहिली आणि त्यांना ती बदलावी लागली. तेव्हा ठसा बदलल्याचा इशारा अनेकांच्या पडद्यावर झळकला. तो इशारा खरा की कोणी मध्येच वेषांतर करून उभा आहे, हे ठसा ताडून पाहणाऱ्यालाच कळू शकत होते.

महाविद्यालयातील संगणक अनेकांच्या हाताखालून जातो. तेथे गुप्त किल्ली ठेवून जाणे म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून तो टेबलावर सोडण्यासारखे आहे. म्हणून किल्लीला स्वतःचा परवलीचा शब्द लावावा. तो आपल्या संगणकाबाहेर जात नाही. शिवाय प्रत्येक संगणकासाठी वेगळी किल्ली करावी. एखादा संगणक हरवला, तर खात्यातून तेवढाच एक नमुना काढून टाकला की भागते. बाकीचे काम सुरळीत चालू राहते.