कारखान्यातली रायफल आणि रेंजवरचा नेम

प्रतिनिधी, डोलवी (ता. पेण)

दहा मीटर एअर रायफल प्रकारात लक्ष्याच्या मध्यभागी जो दहा गुणांचा ठिपका असतो, त्याचा व्यास अवघा ०.५ मिलिमीटर आहे. त्यावर आदळणारा छर्रा मात्र ४.५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. छर्‍याची कड ठिपक्याला शिवली की दहा गुण मिळतात. म्हणजेच छर्‍याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवे. २०१३ पासून या प्रकाराच्या प्राथमिक फेरीतही गुण दशांशात मोजले जाऊ लागले. १०.० आणि १०.९ यांतला फरक त्या अडीच मिलिमीटरच्याही पोटात दडलेला असतो. अशा खेळात सारे यश रायफलीवर अवलंबून आहे, असे पालकांना वाटू लागले तर नवल नाही.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. रायगड जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा खेळ परका नाही. डोलवीहून वडखळ, पेण करीत उत्तरेला गेले की पनवेल लागते. अथेन्स ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठलेल्या सुमा शिरूर यांनी २००६ मध्ये तेथेच लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. मुलगा किंवा मुलगी वर्ष-दोन वर्षे सराव करते, गुण एका आकड्यापाशी अडतात आणि घरात प्रश्न उभा राहतो: आता महागडी रायफल घ्यावी काय? या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा 'नाही' असेच असते. असलेली रायफल आपल्या पूर्ण क्षमतेने चालते आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

नामांकित कारखान्यातून आलेल्या स्पर्धेच्या रायफलीची नळी सहसा उत्तमच असते. मात्र नळीतून निघणारी प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच निघेल, याची हमी एकटी नळी देत नाही. अचूकता वाढविणे म्हणजे रायफलीला काही नवे जोडणे नव्हे. एका गोळीपासून दुसर्‍या गोळीपर्यंत जे जे बदलते, ते शोधून थांबविणे हेच त्यातले मुख्य काम होय.

सर्वांत मोठा बदल असतो तो काडतुसांत. पॉइंट टू टू रायफलीची स्पर्धेची गोळी ध्वनीपेक्षा थोड्या कमी वेगाने, सेकंदाला सुमारे ३२५ मीटर जाते. पन्नास मीटर अंतर कापायला तिला साधारण ०.१५ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. साइट तेवढी वर लावलेली असल्याने याचे काही बिघडत नाही. परंतु एक गोळी दुसरीपेक्षा सेकंदाला १० मीटरने हळू गेली, तर ढोबळ हिशेबाने ती सात मिलिमीटर अधिक खाली लागते. पन्नास मीटरवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आणि गोळी ५.६ मिलिमीटरची, म्हणजे गोळीचे केंद्र आठ मिलिमीटरपेक्षा अधिक चुकले की दहा गुण गेले. नेमबाजाचा हात तसूभरही हलला नसताना त्याच्या वाट्याच्या आठपैकी सात मिलिमीटर काडतुसानेच खाल्ले!

म्हणूनच 'लॉट टेस्टिंग' हा या खेळातला कळीचा विधी ठरतो. एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच किमतीची काडतुसे वेगवेगळ्या लॉटमध्ये वेगळी वागतात आणि एका नळीला मानवलेला लॉट शेजारच्या नळीला मानवेलच असे नाही. एली, लापुआ यांसारख्या कंपन्या आपल्या चाचणी केंद्रांत नेमबाजाची रायफल शिकंज्यात घट्ट बसवून निरनिराळ्या लॉटच्या गोळ्या झाडून पाहतात. ज्या लॉटची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतात, तोच लॉट नेमबाज विकत घेतो. एअर रायफलमध्ये हेच काम छर्‍यांबाबत करावे लागते. ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर अशा सूक्ष्म फरकांचे छर्रे मिळतात. आपल्या नळीला कोणता मानवतो, हे झाडून पाहिल्यावाचून कोणताही जाणकार सांगू शकत नाही.

शिकंज्याचा दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा आहे. दोष रायफलीचा की माणसाचा, हा वाद तो मिटवितो. शिकंज्यात लहान गट आणि हातात मोठा गट, असे दिसले की पाकीट खिशात परत ठेवावे. येथे एक सावधगिरी हवी. तीन गोळ्यांचा सुंदर गट पाहून हुरळून जाणारे अनेक असतात. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. निदान दहा-दहा गोळ्यांचे काही गट पाहावेत, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत नोंद करावी. कंटाळवाणे आहे खरे, पण चार गोष्टी एकदम बदलल्या की सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

यानंतर येतात स्क्रू. नळी व यंत्रणा दस्त्याला ज्या स्क्रूंनी जखडलेली असते, त्यांचा ताण बदलला की गोळी सुटतानाचे नळीचे कंपन बदलते आणि गट सरकतो किंवा पसरतो. 'घट्ट' हे माप नव्हे, हे डोलवीसारख्या पोलादाच्या गावातील कोणत्याही फिटरला समजावून सांगावे लागणार नाही. टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या आकड्याइतकाच ताण, दर वेळी तोच द्यायचा असतो.

कोकणात या स्क्रूंची गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. लाकडी दस्ता पावसाळ्यात हवेतील ओल शोषून फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. मे महिन्यात बिनचूक बसलेली रायफल जुलैत वेगळीच वागू लागते. नेमबाज स्वतःच्या श्वासाला, खांद्याला, मनाला दोष देत राहतो आणि खरा अपराधी लाकूड असते. अनेक नेमबाज अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्याकडे वळले, त्यामागे हेही एक कारण आहे. धरमतर खाडीच्या बाजूची खारी हवा पोलादाला गंजविते ती वेगळीच. रेंजवरून आल्यावर रायफल तशीच पेटीत कोंडू नये, पुसून कोरडी करून ठेवावी. पॉइंट टू टूच्या नळीत मेण व शिसे साचते, ते नियमाने काढावे लागते. मात्र सफाईची सळई नळीच्या तोंडाला घासली, तर गोळी जेथून अखेरची सुटते ती कडाच बिघडते. अतिउत्साही सफाईने नळीचे नुकसान होते ते असे. हवेच्या दाबावर चालणार्‍या रायफलीत तर तेल घालूच नये. तिच्या सिलिंडरची मुदतही तपासावी. ती साधारणतः दहा वर्षांची असते.

आता माणसाकडे वळू. स्पर्धेच्या रायफलीचा गालाचा आधार, खांद्यावरची पट्टी, मूठ, चाप या सर्वांची जागा बदलता येते आणि ती बदलण्यासाठीच दिलेली असते. दुकानातून आली तशीच रायफल वापरणे म्हणजे दुसर्‍याच्या मापाचा चष्मा लावणे. गाल दर वेळी त्याच जागी टेकला नाही, तर डोळा साइटच्या मध्यरेषेवरून सरकतो. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी व मग डोळे उघडावेत. साइट आपोआप समोर आली नाही, तर जुळवणी चुकली आहे असे समजावे. २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी चाळीसपैकी चाळीस गोळ्या दहात मारून ४०० पैकी ४०० गुण मिळविले. अशी कामगिरी रायफल व शरीर चाळीस वेळा हुबेहूब तसेच जुळल्यावाचून होत नाही.

ही जुळवणी किती नाजूक असते, याचे उदाहरण अभिनव बिंद्रा यांचे. रिओ ऑलिम्पिकमध्ये २०१६ साली अंतिम फेरीपूर्वी त्यांची रायफल पडून साइट मोडली. धावपळीने दुरुस्ती करून ते उतरले आणि पदकापासून एक स्थान दूर, चौथे राहिले.

एक गोष्ट कायद्याची. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. पॉइंट टू टूला मात्र लागतो. तिच्या यंत्रणेची वा नळीची दुरुस्ती परवानाधारक कारागिरानेच करायची असते. ओळखीच्या लेथवाल्याकडे नळी नेण्याचा मोह कोणालाही होऊ नये.

खर्च उरतोच. स्वप्नीलचे वडील शिक्षक; मुलाच्या काडतुसांसाठी त्यांनी कर्ज काढल्याचे पदकानंतर वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. नव्या रायफलीसाठी साठविलेल्या पैशांतून चाचणीत निवडलेल्या लॉटची वर्षभराची काडतुसे एकदम घेऊन ठेवणे अनेकदा अधिक गुण देऊन जाते, आणि परवान्यावर काडतुसांची मर्यादा किती आहे हे पाहूनच तो हिशेब करावा लागतो. हा लॉट संपला की पुढच्या लॉटसाठी रायफल पुन्हा शिकंज्यात चढते आणि वहीचे नवे पान सुरू होते.