लाल रेघांचा दोष एडिटरचा नव्हे

टर्मिनलमध्ये प्रोजेक्ट बिनतक्रार बिल्ड होतो, सगळ्या टेस्ट पास होतात, आणि तीच फाइल एडिटरमध्ये उघडली की पहिल्या ओळीपासून लाल रेघा. सगळ्यांच्या लॅपटॉपवर एकसारखं वातावरण मिळावं म्हणून निक्स वापरणाऱ्याला हे कधी ना कधी दिसतंच. मग तो लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणारा असो, नाहीतर मुरुडहून घरबसल्या काम करणारा. खापर फुटतं ते एडिटरवर.

एडिटरला प्रोग्रामिंगची भाषा कळते, हाच मुळात गैरसमज. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासह लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. त्या पद्धतीत कोड समजून घेतो तो वेगळाच प्रोग्राम, म्हणजे लँग्वेज सर्व्हर: रस्टसाठी रस्ट-अॅनालायझर, सी प्लस प्लससाठी क्लँगडी. एडिटर त्याला विचारतो आणि मिळालेलं उत्तर दाखवतो. म्हणून सगळ्या टीमने एकच एडिटर वापरण्याची सक्तीही नको. कुणी निओव्हिम वापरो, कुणी ईमॅक्स. सर्व्हर एक असला की पुरे.

‘एक्स्टेंशन टाकलं की झालं’ हा समज जास्त चिवट. पुष्कळ एक्स्टेंशन आपापला सर्व्हर परस्पर डाउनलोड करतात आणि कशाची कुठली आवृत्ती वापरायची ते पक्कं करणाऱ्या प्रोजेक्टच्या लॉक फाइलला त्याचा पत्ताही नसतो. हास्केलमध्ये याचा फटका लगेच बसतो. तिथला सर्व्हर प्रोजेक्टच्याच जीएचसी (हास्केलचा कंपाइलर) आवृत्तीने बांधलेला लागतो. आवृत्ती जुळली नाही की तो काम करत नाही. निक्सवरच उभ्या असलेल्या निक्सओएस या लिनक्सवर तर असा उतरवलेला सर्व्हर बहुधा सुरूच होत नाही. निक्सओएसच्या जुन्या आवृत्त्यांत ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येई आणि फाइल समोर दिसत असे! नसायचा तो तिला सुरू करणारा लोडर. इतर लिनक्सवर तो ठरलेल्या जागी असतो, निक्सओएसवर तिथे नसतो.

माझ्या मते सर्व्हर कंपाइलरच्या शेजारी, प्रोजेक्टला काय काय लागतं ते सांगणाऱ्या निक्सच्या फ्लेक फाइलमध्येच लिहावा. मग एकच लॉक फाइल दोघांनाही बांधून ठेवते. रस्ट असेल तर सोबत रस्ट-सोर्सही घ्यावा, नाहीतर स्टँडर्ड लायब्ररीतल्या फंक्शनच्या व्याख्येवर उडी मारता येत नाही.

एवढं करूनही कधीकधी सर्व्हर सापडत नाही, कारण एडिटर डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून उघडलेला असतो. निक्सच्या शेलमधला पाथ त्याला मिळालेलाच नसतो. एडिटर त्या शेलमधूनच सुरू करावा किंवा फोल्डरनुसार शेलचं वातावरण आपोआप लावणाऱ्या डिरेन्व्हचं एक्स्टेंशन एडिटरमध्ये बसवावं.

आणखी एक समज: लॉक फाइल आहे, आता इंटरनेट लागणार नाही. लॉक फाइलमध्ये पत्ते आणि हॅश असतात, खुद्द सामान नसतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा रायगडच्या किनारपट्टीवर कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दिवसेंदिवस बंद होते. अशा वेळी चालतं ते आधीच उतरवून ठेवलेलंच. म्हणून पावसाळ्याआधी प्रोजेक्टचं शेल एकदा पूर्ण उघडून घ्यावं. आणि डिस्कवर जागा करायला निक्सची साफसफाई चालवत असाल तर निक्स-डिरेन्व्ह वापरा. ते प्रोजेक्टच्या शेलची नोंद धरून ठेवतं, त्यामुळे साफसफाईत कंपाइलर आणि सर्व्हर पुसले जात नाहीत.